वाणाचा पुदिना

सांगली,
ता. २ डिसेंबर १९९६

चि. राघवेंद्रास अंबूअक्काचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळे बरे. काल बाजारातून पुदिन्याची जुडी आणली, नाकाशी धरली आणि आपलं नवनगरचं मागचं अंगण डोळ्यांपुढे आलं. पण आईच्या पुदिन्याचा तिखट वास याला नाही. नळाखाली तिनं एक काडी खोचली होती, बघता बघता त्यानं अप्पांची शेवंती गिळली. अप्पा उपटायचे, तो पुन्हा यायचा. शेवटी आईनं करवंट्यांत रोपं लावली आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तेच वाण लुटलं. बाकीच्या बायका कंगवे नि डबे द्यायच्या, आमची आई पुदिना. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

आई-अप्पा गेल्यापासून तिकडे यायचा धीर होत नाही रे. दारात कोण उभं असणार? निदान त्या पुदिन्याच्या चार मुळ्या ओल्या फडक्यात बांधून कुणाबरोबर तरी पाठव. माहेरचं म्हणून तेवढं तरी माझ्याजवळ राहील. तुला नि वत्सलाला जोडीनं आशीर्वाद. माया असू दे.

तुझी,
अक्का


नवनगर, हुबळी,
ता. १२ डिसेंबर १९९६

ती. अक्कास सा. न. वि. वि.

काय लिहावं कळेना, म्हणून उशीर झाला. पुदिना नाही ग. उन्हाळ्यात स्कूटर लावायला मागच्या अंगणात फरशी घातली. गवंड्यानं विचारलं होतं, हे ठेवायचं का म्हणून. मी म्हटलं, काढ, हा कुठून तरी येतोच. या खेपेला आला नाही.

आईनं दिलेला शेजारच्या जयलक्ष्मीअक्कांकडे आहे, पण वत्सला मागायला तयार नाही. दिलेलं वाण परत मागू नये, हे तिला आईनंच शिकवलेलं. रागाव, पण पत्रं थांबवू नकोस.

तुझा,
राघू


सांगली,
ता. ९ जानेवारी १९९७

चि. राघवेंद्रास आशीर्वाद.

पत्र वाचलं, त्या दिवशी जेवण गेलं नाही. स्कूटरला ऊन लागत होतं होय? असो. आता तिकडे येण्यासारखं काही उरलं नाही. तिळगूळ पोस्टानं पाठवते आहे, गोड मानून घ्या.

अक्का


नवनगर, हुबळी,
ता. २० जानेवारी १९९७

ती. अक्कास साष्टांग नमस्कार.

तिळगूळ पोचला. तुझ्या पत्रापेक्षा बराच गोड होता.

काल जयलक्ष्मीअक्कांकडे हळदीकुंकू होतं. वत्सला परत आली ती हातात करवंटी घेऊन, करवंटीत पुदिना. आई गेल्यापासून त्या हेच वाण देतात म्हणे. गेल्या संक्रांतीला आईला वर्ष झालं नव्हतं म्हणून वत्सला कुठे हळदीकुंकवाला गेली नव्हती, त्यामुळे आम्हाला ठाऊकच नव्हतं. गल्लीत सगळे त्याला 'अम्मन पुदीना' म्हणतात, आईचा पुदिना. मी वास घेतला आणि मला रडू आलं.

आज सकाळी नळाजवळच्या फरश्या उखडल्या. स्कूटर राहील रस्त्यावर. आमचं हळदीकुंकू रथसप्तमीला आहे. तुझी करवंटी भरून ठेवली आहे, पण पाठवणार नाही. वाण पोस्टानं जात नाही अक्का, घ्यायला यावं लागतं. दारात वत्सला उभी असेल.

राग तिकडेच ठेव, लोभ तेवढा घेऊन ये.

तुझा,
राघू