हिरव्या दाराचं कारण

भूम,
मंगळवार, सकाळचा पहिला चहा झाल्यावर

तीर्थस्वरूप दाजी यांच्या पायांवर व्यंकटचं डोकं. (डोकं सध्या जाग्यावर नाही, पण जे काही शिल्लक आहे ते ठेवलं असं समजावं.)

तुमची कंबर आता कशी आहे? आक्का सांगेल तसा निर्गुडीच्या पाल्याचा शेक चालू ठेवावा, आणि उन्हात हरभरा बघायला जाणं तूर्त बंद करावं. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. म्हणजे धुरपता खुशाल आहे, मुलगा आणि सून खुशाल आहेत. माझं म्हणाल तर आठ दिवस झाले, घास गिळवत नाही आणि कुकरची शिट्टी झाली तरी दचकतो. गेल्या आठवड्यात तुम्हाला दोन फोन येऊन कट झाले असतील. ते माझेच होते. रेंज चांगली होती. तुमचा आवाज ऐकला आणि धीर सुटला, म्हणून आता पत्र लिहितो आहे. पत्राला निदान समोरून आवाज येत नाही.

प्रकरण गाडीचं आहे. आपली अडुसष्ट सालची फियाट, साय रंगाची, आणि ड्रायव्हरच्या बाजूचं तेवढं दार हिरवं. येत्या रविवारी धाराशिवला जुन्या गाड्यांचं प्रदर्शन आहे. आमच्या सुनेने, प्रतीक्षाने, मोबाईलवर त्याची जाहिरात बघितली आणि मला न विचारता माझं नाव घालून टाकलं. (पोरगी गुणाची आहे. सासऱ्याला आनंद व्हावा एवढाच तिचा हेतू. ऐकून मी ताडकन उभा राहिलो, त्याला ती आनंदच समजली.) फक्त पूर्ण फॉर्म भरून पाठवायचा बाकी होता, आणि त्याला सोमवारपर्यंतची मुदत होती.

मी गेल्या वर्षी ते प्रदर्शन बघायला गेलो होतो, म्हणून तर भीती जास्त. तिथले परीक्षक साधे नसतात. एकजण पांढरे हातमोजे घालून आला होता. तो गाडीकडे बघतच नाही, आधी मालकाकडे बघतो. मग टॉर्च घेऊन गाडीखाली वाकतो, आणि तो वर येईपर्यंत मालकाचा जीव खाली गेलेला असतो. लातूरचे एक निवृत्त इंजिनियर चकाचक गाडी घेऊन आले होते. आतलं घड्याळ मूळचं नाही, एवढंच त्यांना सांगण्यात आलं. तो मोठा माणूस पुढचा तासभर चहाच्या टपरीमागं उभा होता. घड्याळावरून ही गत, तर माझं अख्खं दार! आणि नियम असा की मालकाने गाडीशेजारी उभं राहून माईकवर गाडीचा इतिहास सांगायचा.

फॉर्ममध्ये चौदावा कॉलम आहे. ‘मूळ भाग बदलला असल्यास कोणता, केव्हा व का?’ कोणता आणि केव्हा हे मला पाठच होतं. ‘का’ पाशी पेन थांबलं.

मी गाडी गफार मिस्त्रीकडे नेली. म्हटलं, दाराला साय रंग मारून टाक, म्हणजे कॉलमच रिकामा सोडता येईल. गफार म्हणाला, “रंग मारतो की साब, दो दिन का काम हाय.” मला इतकं हलकं वाटलं की मी त्याच्याकडे एक वडापावसुद्धा खाल्ला. मग त्याने दार उघडून बिजागऱ्या बघितल्या आणि विचारलं, “ह्या वाकल्यात. परीक्षकानं इचारलं तर काय सांगनार?” मी म्हटलं, जे सगळ्यांना सांगितलं तेच. गाडी उभी होती, मी दार उघडलं, मागून दुधाचा टँकर आला आणि दार घेऊन गेला.

गफारने फडक्याला हात पुसले. “साब, ह्या गाडीच्या पुढल्या दाराची बिजागरी मागल्या अंगाला हाय. मागनं टँकर धडकला असता तर दार मिटलं असतं. हे मागं उलटून तुटलंय. म्हंजे गाडी पुढं चालली व्हती आन दार उघडं व्हतं. म्या तवाच वळखलं व्हतं.”

मी विचारलं, “वीस वर्षांत बोलला नाहीस ते?”

“तुमी इचारलं न्हाय.”

वडापाव तिथंच वर आला. रंग न मारता गाडी घरी आणली.

तर दाजी, आता बसून वाचा. वीस वर्षांपूर्वी चैत्रात येडेश्वरीचं दर्शन घेऊन मी आणि धुरपता परत येत होतो. येरमाळ्याजवळच्या उतारावर ब्रेक दाबला, तर पाय सरळ खाली गेला. पुन्हा दाबला, पुन्हा तेच. समोर वळण होतं, वळणावर बाभळ, बाभळीपलीकडे काय होतं ते मी बघितलं नाही. मी दार उघडलं आणि उडी मारली. हो, चालत्या गाडीतून. मागच्या सीटवर धुरपता बसलेली असताना. विचार केला नव्हता, एवढंच सांगू शकतो. पाय माझ्या आधी निघाले. कोपर खरचटून मी रस्त्यावर बसलो होतो, आणि गाडी माझ्याशिवाय पुढं चालली होती, उघडं दार पंखासारखं हालवत. बाभळीने ते दार ओढून घेतलं. मग धुरपता मागून पुढं आलेली दिसली, तिने हँडब्रेक ओढला आणि गाडी खडीच्या ढिगात जाऊन थांबली. मी धावत पोचलो तेव्हा ती पदराने तोंड पुसत होती. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, “लागलं का?”

टँकरची गोष्ट मी घरी पोचेपर्यंत तयार केली. ती काही बोलली नाही. ना तेव्हा, ना नंतर.

आणि तुम्ही, स्वतः दूध संघाच्या टँकरवर ड्रायव्हर. तुम्हाला ते लागलं. आपल्यातला कोण असा न थांबता निघून गेला म्हणून तुम्ही पंधरा दिवस तपास केलात, आणि तो तुमच्याच संघातल्या शिवशरणवर येऊन थांबला. तो आईची शपथ घेत राहिला. तुम्ही त्याच्याशी बोलणं टाकलंत, त्याच्या मुलीच्या लग्नाला गेला नाहीत. ते मला माहीत होतं. दरवेळी तुमच्याकडे आलो की वाटायचं आज सांगू, आणि मग आक्का धपाटे वाढायची.

गेल्या गुरुवारी मी शिवशरणच्या गावी गेलो. तो ओट्यावर आरसा टेकवून दाढी करत होता. हातात वस्तरा बघितला आणि मी ठरवलेलं सगळं विसरलो. तोंडातून निघालं, “इथं पोस्ट कुठं आहे हो?” (त्या गावात मी सहा वर्षं पोस्टमास्तर होतो.) तो अर्ध्या फेसासकट उठला, म्हणाला, “मास्तर, तब्येत बरी न्हाय का?” त्याने मला सावलीत बसवलं, चहा पाजला आणि बसस्टँडपर्यंत सोडायला आला. मी खिडकीतून हात केला.

काल मुदतीचा दिवस. धुरपता अंगणात मेथी निवडत होती. मी फॉर्म पुढं धरला आणि विचारलं, ‘का’ मध्ये काय लिहू?

ती म्हणाली, “टँकर लिहायचा तर लिहा. पण माईकवर तुमी बोलताना मी शेजारी उभी असणार. मला हसू आलं तर मला बोल लावायचा न्हाय.”

“मग नावच काढून घेऊ का?”

“घ्या की काढून. पुढल्या वर्षी प्रतीक्षा पुन्हा भरंल.” दोन काड्या निवडून झाल्यावर म्हणाली, “अहो, भ्यालात, उडी मारलीत. भ्यालातच न्हवं, कुणाचं चोरलं तर न्हाय? पण त्या शिवशरणचं चोरलं. लई वर्सं चोरलं.”

दाजी, मला ह्या बाईची त्या बाभळीपेक्षा जास्त भीती वाटली.

मी खोलीत गेलो आणि लिहिलं : ‘पुढील उजवे दार, वीस वर्षांपूर्वी. ब्रेक लागेना, मालकाने घाबरून चालत्या गाडीतून उडी मारली, दार झाडाला अडकून तुटले. गाडी मालकिणीने थांबवली. टँकरचा संबंध नाही.’ प्रतीक्षाने ते वाचलं, माझ्याकडे एकदा बघितलं, मोबाईलवर फॉर्मचा फोटो काढला आणि बटण दाबलं. दार हिरवंच राहणार आहे.

आज उजाडताच शिवशरणला फोन लावला आणि तो ‘हॅलो’ म्हणायच्या आत सगळं सांगून टाकलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग तो म्हणाला, “बालाजीअण्णांना कळवलं का?” म्हणजे तुम्हाला. मी नाही म्हटलं. “मग आधी त्यांना कळवा. माझं मग बघू.”

म्हणून हे पत्र. रागवावं, पण एकदाच आणि सगळं एकदम रागवावं. आक्काला नमस्कार. तिला किती सांगायचं ते तुम्ही ठरवा.

आपला,
व्यंकट

ता. क. : पत्र लिहिण्याचं खरं कारण राहूनच गेलं. कंबर साथ देत असेल तर तुम्ही शनिवारी इकडे यावं आणि गाडी धाराशिवला तुम्ही चालवत न्यावी. त्या उतारावरून मी वीस वर्षांत गेलेलो नाही, बार्शीवरून फेरा घालतो. ब्रेक गफारने नवे बसवले आहेत, मी तीनदा खात्री केली आहे. मी मागून एसटीने येतो.

ता. क. २ : पाकीट बंद करण्याआधी धुरपताने पत्र मागून घेतलं आणि चष्मा लावून सगळं वाचलं. हँडब्रेकच्या ओळीपाशी ती इतकी हसली की प्रतीक्षा स्वयंपाकघरातून पळत आली. म्हणते, मला कसली शूर करता? तुमच्या आधी मीच उडी मारणार होते, पण मागचं दार आतून उघडेना, म्हणून पुढच्या दारानं बाहेर पडायला पुढं आले. तोल गेला, हाताला जे लागलं ते धरलं, तो हँडब्रेक निघाला. मी विचारलं, मग वीस वर्षं बोलली का नाहीस? तर म्हणते, तुम्ही एवढा मान देत होता, तो कशाला घालवू? फॉर्म तर गेला. आता माईकवर नेमकं काय सांगायचं, ते येताना ठरवून यावं.