आत्मारामने पाठवलेली पावडर

भाईंदर (पूर्व),
१२ जानेवारी २०२५

प्रिय आत्माराम,

नमस्कार. चिपळूणला थंडी पडली असेल. इथे उत्तनकडून वारा आला तरी सुक्या मासळीचा वास तेवढा येतो. "फोन करायचास की," म्हणशील. फोनवर तू बोलतोस आणि मी ऐकतो. गिरगावच्या शाळेत तू, मी आणि मनोरमा सातवीत होतो, तेव्हापासून हेच चाललंय.

मनोरमाला बरं नाही. जठराचा कॅन्सर निघालाय. सत्तावीस तारखेला ऑपरेशन.

रिपोर्ट बघून डॉक्टर मिनल म्हणाल्या, "गाठीभोवती कोलाजेन फार साठलंय." कोलाजेन! हिच्या गुडघ्यांसाठी तू पाठवलेल्या पावडरीच्या डब्यावर हाच शब्द. खोटं कशाला लिहू, तुझी चूक सापडली म्हणून मला आनंद झाला. घरी येऊन म्हणालो, "घे, तुझ्या आत्मारामने पोटात विष घातलं!" आणि डबा मोरीत रिकामा केला.

तिने ते खरं धरलं. "दोन-दोन चमचे मीच घेत होते हो," म्हणून रडत बसली.

मग मात्र मी घाबरलो. डॉक्टरांना जाऊन विचारलं. त्या हसल्या नाहीत. "काका, खाल्लेलं कोलाजेन पचून जातं. हे शरीराने स्वतःच बनवलेलं. गाठीच्या आसपासच्या पेशी नको तितकं विणत बसतात. धागे ताठ होतात, आणि कॅन्सरच्या पेशी त्यांच्याच आधाराने पुढे सरकतात."

साठ वर्षं मी तरी आतल्या आत दुसरं काय विणलं?

हिला सगळं समजावलं. डोळे पुसून म्हणाली, "आत्मारामला बोलवा. ऑपरेशनच्या आधी त्याच्या तोंडून शाळेतली ती नदीची कविता ऐकायचीय."

"मला येते की!" म्हणून मी लगेच चालीत म्हटली. सगळी कडवी, एक शब्द चुकला नाही.

"तुमची पाठ आहे हो," ती म्हणाली, "पण त्याच्या नदीला पाणी असायचं."

या बोलण्याला आज बारा दिवस झाले. तुला लिहायला रोज कागद काढायचो आणि परत ठेवायचो. काल तिने विचारलं, "अजून उत्तर नाही आलं त्याचं?" मी "नाही" म्हणालो.

ये, आत्माराम. नालासोपाऱ्याची एसटी घे, हायवेवर वरसाव्याला उतर. मी रिक्षा घेऊन थांबतो. तू कविता म्हणशील तेव्हा मी खोलीबाहेर जाणार नाही, तेवढं चालवून घे.

अजूनही तुझ्यावर जळणारा,
तुझाच
हरिश्चंद्र