फुलीची पहार

गोशेनेन, १२ जून १९६१

ती. वेरेनाताईस बाल्झचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि मोजे पोचले. एक मोजा दुसऱ्याहून वीतभर लांब आहे, पण तू विणलेत म्हणून मुकाट्याने घालतो. आईची कंबर कशी आहे? गेल्या उन्हाळ्यात पडल्यापासून ती तुझ्याकडे आल्टडॉर्फला अंथरुणाला खिळून आहे. भावोजींना तिने आतापर्यंत चांगलंच सरळ केलं असेल.

आता खरी बातमी. ज्या कपारीवर माझा कधीपासून डोळा आहे, ती यंदा मी घेणार. हिमनदीच्या वरच्या अंगाला, माणूस सरपटत शिरेल एवढंच तिचं तोंड. कंदील धरला की आत धुरी स्फटिक दिसतात, कोऱ्या चहाच्या रंगाचे, मनगटाएवढे जाड. जमीन गावकीची, परवाना माझ्या खिशात. अडलंय ते तोंडाशी कुणीतरी ठेवलेल्या पहार-छिन्नीपाशी. जिथे एकाची हत्यारं, तिथे दुसऱ्याने बोट लावायचं नाही. ती गंजली की मगच हक्क सुटतो. पण ही मेली गंजतच नाहीत! दर उन्हाळ्यात बघावं तर तेल लावून लख्ख. लाकडी दांड्यावर नाव नाही, नुसती डागलेली फुली. मालकाला कुणी कधी पाहिलेलं नाही. स्वतः खणत नाही, दुसऱ्याला खणू देत नाही, असला कसला माणूस?

पण गेल्या वर्षी तो फिरकलेला दिसत नाही. पानगळीत गेलो तेव्हा पहारीवर तांबूस डाग होते. आता बर्फ उतरलं की जातो. गंज दिसला की हत्यारं बाजूला करून आत शिरतो. आजवर स्फटिकांचा चिमूटभर चुरा गोळा करून लोकांचं हसणं सोसलं, आता बास. आईला जुन्या लोकांच्या खुणा ठाऊक असतात, फुली कुणाची ते तेवढं विचार.

लोभ आहेच, मोजे मात्र पुढच्या खेपेला मापाचे पाठव.

तुझा,
बाल्झ

आल्टडॉर्फ, १५ जून १९६१

चि. बाल्झ यास अनेक आशीर्वाद.

त्या कपारीत जाऊ नकोस. आधी हे सगळं वाच, मग माझ्यावर हवं तेवढं चीड.

तुझं पत्र आईला वाचून दाखवत होते. फुलीपाशी आले तशी तिने सुपाचा वाडगा खाली ठेवला आणि म्हणाली, “ती फुली माझ्या हातची आहे.” मला वाटलं, तापात बरळतेय. कपाळाला हात लावून पाहिला तर गार होतं.

आपण आजवर समजत होतो तसे बाबा हिमनदीत गेले नाहीत रे. ते त्या कपारीत आहेत. सगळा गाव हिमनदीच्या भेगांतून त्यांना हाका मारत होता, तेव्हा आई एकटी वर पोचली होती. पार आतलं छत बसलं होतं आणि दगडांखालून बाबांचे बूट दिसत होते. उरलेला खडक नुसत्या श्वासानेही कुरकुरत होता म्हणे. खाली येऊन सांगितलं असतं, तर दोन्ही काका त्यांना काढायला आत शिरले असते आणि तेही तिथेच राहिले असते. म्हणून तिने तोंड मिटलं. बाबांची बाहेर पडलेली हत्यारं तिथेच मांडली, दांड्यावरचं नाव तासून काढलं आणि फुली डागली, म्हणजे कुणी आत जाणार नाही. दर उन्हाळ्यात रानबोरं वेचायला म्हणून जायची, ती तेलाची बाटली घेऊन. दिवसभर हिंडून मूठभरच बोरं आणते म्हणून आपण तिला किती चिडवायचो!

मी तिच्यावर ओरडले, मग तिच्याच कुशीत रडले. ती मात्र एकच धोशा लावून बसलीय, की यंदा तेल लागलेलं नाही, पोरगा आत जाणार. पत्र बसच्या ड्रायव्हरच्या हाती देतेय. मिळताक्षणी उत्तर पाठव.

तुझी,
वेरेनाताई

गोशेनेन, १७ जून १९६१

ती. ताईस सा. न.

मी जिवंत आहे, हे आईला आधी सांग. तुझं पत्र मला काल संध्याकाळी मिळालं, डोंगरावरून उतरल्यावर.

सकाळीच वर गेलो होतो. नुकतंच बर्फ भुरभुरून गेलं होतं आणि त्यावर माझ्याशिवाय कुणाचंही पाऊल नव्हतं, मी नीट पाहिलं. कपारीच्या तोंडाशी पहार आणि छिन्नी शेजारीशेजारी होती. त्यांच्यावर बर्फाचा कण नव्हता, गंजाचा डाग नव्हता. बोट लावलं तर तेल ओलं होतं, जवसाचं, वासावरून ओळखलं. ताई, मी त्या न पाहिलेल्या माणसाला चारचौघांत सांगता येणार नाहीत अशा शिव्या घातल्या आणि मागे फिरलो. नियम म्हणजे नियम.

खालच्या खडकावर ब्रेड-चीज सोडून बसलो असेन, तोच पायाखालची जमीन हादरली. वळून पाहिलं तर कपारीच्या जागी नुसती धूळ होती. तोंड, हत्यारं, सगळं आत गेलं. शिरलो असतो तर मी त्या वेळी पार आतल्या टोकाला असतो.

तुझं पत्र रात्रभर पुन्हा पुन्हा वाचलं. आईने कुणाला तेल घेऊन वर पाठवलं होतं का? खरं काय ते विचार. कुणी गेलं असेल तर त्याचे पाय धरायचे आहेत मला.

बाल्झ

आल्टडॉर्फ, १९ जून १९६१

चि. बाल्झ यास पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून तुझे भावोजी चर्चमध्ये मेणबत्ती लावून आले. ते कधी जात नाहीत, तुला ठाऊक आहेच.

आईला विचारलं. तिने कुणालाही पाठवलं नाही. ओल्या तेलाचं मी तिला दोनदा वाचून दाखवलं.  ती हसायला लागली, इतकी की मला तिची उशी धरावी लागली. म्हणाली, “संसारभर तुमच्या बाबांच्या मागे लागले, अहो, हत्यारांना तेल लावत जा, पण ऐकतील तर शपथ, ओलीच कोपऱ्यात फेकायचे; पोरासाठी का होईना, एकदाचं ऐकलं माझं.”

तुझी,
वेरेनाताई