जास्तीचा ऑक्सिजन

प्रिय अश्लेषा,

एका दुपारची गाढ झोप मला केवढ्याला पडली ते आधी सांगतो. आयसीयूतला आठवडा, रक्त तपासायला टोचून टोचून निळं पडलेलं डावं मनगट, आणि तुझ्या वहिनीच्या तोंडचं पळालेलं पाणी. झोप मात्र झकास लागली होती.

आता जरा बरं आहे. थकवा फार. बोलण्यापेक्षा लिहायला दम कमी लागतो, म्हणून हे पत्र. सुरुवातीला तोंडावर घट्ट मास्क होता, मी तो सारखा उपटायचो. मग डॉक्टरांनी नाकात जाड नळ्या लावल्या. त्यातून कोमट, ओलसर हवा भन्नाट वेगाने येते. जन्मभर कूलरसमोर झोपलेल्या नागपूरकराच्या नाकातच कूलर बसवला, तोही गरम हवेचा! त्या झोताने आत कोंडलेला कार्बन डायऑक्साइड धुऊन निघतो म्हणे. ऑक्सिजन मात्र मोजूनमापून. मी म्हटलं, थोडा वाढवा ना. डॉक्टर हसले, "काकाजी, हे पोह्यावरची तर्री नाही, अजून टाका म्हणायले." वेल्डिंगच्या धुराने खाल्लेल्या माझ्यासारख्या फुफ्फुसांना ऑक्सिजन जास्त झाला की आतला कार्बन साचतो. माणूस गुंगीत जातो आणि घरचे म्हणतात, किती छान झोपले.

हिंगण्याचा कारखाना मी कुणाचा आधार न घेता उभा केला, हे तू लहानपणापासून ऐकत आलीस. कानाच्या जोरावर केला गं सगळा. कोणत्या मोटरचं बेअरिंग जाणार ते गेटवरूनच सांगायचो. ते कान अजून शाबूत आहेत. डोळे मिटले की लोकांना वाटतं, म्हातारा कामातून गेला. परवा दीपमालाच्या फोनमधून तुझा आवाज पार माझ्या पलंगापर्यंत आला, "वहिनी, तुमचं ध्यान कुठं राह्यते? बाबांले मरायले सोडलं होतं का?" तिने फोन ठेवून माझं पांघरूण सारखं केलं. मग पियूषही बायकोला नको ते बोलला. काल पडद्यापलीकडे ती त्याला म्हणत होती, "बाबा घरी आले की मी पारशिवनीले आईकडे चालली. मले नाही झेपत आता."

पोरी, त्या दुपारीही मी नुसतेच डोळे मिटून होतो. तू बॅग उचललीस, दारातून परत आलीस, घरच्या ऑक्सिजन मशीनचं बटण फिरवलंस आणि हळूच म्हणालीस, "बाबा, आता भरपूर हवा येईल." मला बरंच वाटलं. तुला स्टेशनवर सोडायला दीपमाला गेली. गाडी उशिरा सुटली, ती संध्याकाळी परतली, तर मी हलवूनही उठेना. मशीनवर ऑक्सिजन किती सुटतोय ते दाखवणारी नळीतली गोळी दोनावर असायची, ती पाचावर, असं ती डॉक्टरांना सांगताना मी ऐकलं. तिनेच खाली आणली, तिनेच ॲम्बुलन्स बोलावली. कुणी वाढवली ते तिला कळलं नसेल? घरात दुसरं होतं कोण! पण तिने तुझं नाव घेतलं नाही. नवऱ्याजवळही नाही.

तू मायेपोटी केलंस. मनाला लावून घेऊ नको, आणि फोनवर म्हणत होतीस ती जास्त ऑक्सिजनची मोठी मशीनही पाठवू नको. पण पियूषला खरं तू सांग, आणि वहिनीला फोन कर. मी सांगितलं तर ते बापाचं फर्मान होईल, तिचं मन त्याने भरायचं नाही. ती गेली तर माझं काय, हेही आहेच. आज पलंगावरून खुर्चीपर्यंत गेलो. सगळा भार तिच्या खांद्यावर होता.

तुझाच,
बाबा