जांभळा रंग टिकवण्याबाबत

१४ सप्टेंबर, रविवार
आजपासून टाकीची रोज नोंद ठेवणार. ध्रुवच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत खडकांवर आणि काचेवर जांभळं, दगडासारखं शेवाळ असतं. तो त्याला कोरलाइन म्हणतो. ते जांभळं दिसलं की पाणी ठीक, असं रॉटरडॅमला जाताना सांगून गेला. सध्या ते पांढरं पडतंय. किंचित. आधी त्याची आई, सुनंदा, बघायची; फेब्रुवारीत ती गेली. तेव्हापासून टाकी मी बघतो, म्हणजे आता ती शास्त्रशुद्ध चालते.

ध्रुवचा फोन. चिरंजीवांनी इतक्या महिन्यांत प्रथमच टाकीचा फोटो मागितला. गेल्या वर्षी काढलेले एकेचाळीस आहेत, त्यातला एक पाठवला. बराच वेळ फोटोच बघत होता. मग म्हणाला, दर रविवारी एक पाठव. इतका आवडला. आठवड्याभरात टाकी तशी होणारच आहे, तेव्हा हे खोटं नव्हे, ॲडव्हान्स आहे.

१६ सप्टेंबर
किटने टेस्ट केली. कॅल्शियम कमी. हे शेवाळ कॅल्शियमवरच वाढतं. उपाय घरातच होता: डॉक्टरांनी दिलेल्या माझ्या हाडांच्या गोळ्या. चार कुटून टाकल्या. त्यात डी-थ्री पण आहे, म्हणजे उन्हाचीही सोय झाली.

१७ सप्टेंबर, सकाळी ७
पाण्यावर गुलाबी साय. दोन्ही मासे कोपऱ्यात. आराम करत असावेत.
माझे गुडघे दुखतायत. गोळ्या संपल्या.

२१ सप्टेंबर, रविवार
दुसरा फोटो पाठवला. ध्रुव पंचवीस मिनिटं बोलला, सगळं टाकीबद्दल. मी ‘स्टेबल’ हा शब्द चार वेळा वापरला. त्याला तिकडे बोलायला कोणी नसतं, म्हणून मी वेळ काढतो. टाकी नसती तर काय बोललो असतो, कोण जाणे. सुनंदाच्या तेराव्यानंतर तो तीन दिवस इथे होता. आम्ही टीव्ही बघितला.

२३ सप्टेंबर
खारेपणा मोजायचा काटा लाल पट्ट्यात. काटा बिघडलाय. माझ्याकडून मीठ जास्त होणं शक्य नाही. रोज जेवढं पाणी उडून जातं तेवढंच खारं पाणी मी मापाने भरतो. सुनंदा फिल्टरचं साधं पाणी ओतायची. समुद्रातल्या माशांना! तिला कधी बोललो नाही, पण मार्चपासून ती चूक सुधारली आहे.

२५ सप्टेंबर
समोरच्या खोलीतला राजाराम पेपर मागायला आला. मूळचा शिरोड्याचा, घरचं मिठागर होतं. टाकी बघून म्हणाला, “मनमोहना, पाणी उडता, मीठ रवता. साधा पाणी घाल.” त्याला स्पष्ट सांगितलं की हे मिठागर नाही, रीफ आहे. रागावून गेला. त्याच्यासाठी आधण ठेवलं होतं. दोन्ही कप मीच प्यायलो.

२६ सप्टेंबर
स्वतंत्रपणे विचार करता लक्षात आलं की पाणी उडतं आणि मीठ राहतं. दोन बादल्या खारं पाणी काढलं, दोन बादल्या साधं घातलं. एकदम. उशीर कशाला करायचा.

२७ सप्टेंबर
काटा जागेवर आला. म्हणजे बिघडला नव्हता. खडक मात्र चुना मारल्यासारखे. एक मासा मेला, दुसरा दिसत नाही. नवीन वाढीआधी असं होत असणार.

२८ सप्टेंबर, रविवार
तिसरा फोटो. ध्रुवने आज टाकीबद्दल काही विचारलंच नाही. पुढच्या रविवारी व्हिडिओ कॉल करू म्हणाला. उत्तम. सात दिवस भरपूर आहेत.

२ ऑक्टोबर, दसरा
सात दिवस पुरणार नाहीत. राजारामने आपट्याची पानं दिली. माळ्यावरून गणपतीच्या मखराचं जुनं सामान काढलं. त्यातला जांभळा जिलेटिन पेपर टाकीच्या दिव्यावर चिकटवला. सगळं जांभळं झालं. मीसुद्धा.

५ ऑक्टोबर, रविवार
दुपारी व्हिडिओ कॉल झाला. मी टाकी चारी बाजूंनी दाखवली. ध्रुव तिकडे बघतच नव्हता. म्हणाला, “बाबा, तो पेपर काढ. फोटो जुने आहेत, मला पहिल्याच दिवशी कळलं. त्या पहिल्यात काचेवर आई दिसते.”

मग बोलला का नाहीस, असं मी विचारलं.

“आणखी एखाद्यात असेल, म्हणून मागत राहिलो.”

फोन ठेवल्यावर पहिला फोटो मोठा करून पाहिला. जांभळ्या काचेत, माझ्या मागे, दारात सुनंदा उभी आहे. हातात पाण्याचा जग. मी कधी बाजूला होतो याची वाट बघतेय. मी तेव्हा शेवाळाचा फोकस जमवत होतो.

मग चष्मा लावून बाकीचे चाळीस बघितले, एकेक करून. दोनदा. सगळ्यांत नुसते खडक आहेत. ध्रुवला अजून सांगितलेलं नाही.