दादाचं नाव यादीत नाही

अगं, तुला उठवलं नाही. मी दवाखान्यात जातोय, दादाच्या पायाचं ऑपरेशन नऊ वाजता आहे. वहिनी तिथेच आहेत.

अकराला विमा कंपनीचा माणूस घरी येईल. कपाटावरची निळी फाइल त्याला दाखव, पण ठेवायला देऊ नकोस. मोठ्या कंत्राटदाराचा सुपरवायझरही सोबत येईल. तो गोड बोलेल, तरी कशावरही सही करू नकोस. ज्या परांचीची फळी सरकून दादा पडला ती त्याच्याच माणसांनी बांधली होती. आम्ही फक्त प्लास्टर करत होतो, आणि आता तो सगळं आमच्या अंगावर ढकलायला बघतोय.

विम्याचा माणूस कामगारांची यादी मागेल. त्यात सात नावं आहेत, दादाचं नाही. फॉर्म भरताना तू विचारलं होतंस, "भाऊजींचं घालायचं ना?" तेव्हा मीच तुझ्यावर खेकसलो, की मोठ्या भावाला मजुरांच्या रांगेत बसवू का. चुकलं माझं.

काल सुपरवायझर म्हणाला, यादीतला दुसराच कोणी पडला असं सांगून टाका. मी त्याला हो म्हणालो नाही, पण नाहीही म्हणालो नाही. तू मात्र खरं तेच सांग.

वहिनींचा फोन आला तर यादीचा विषय काढू नकोस. मघाशी त्याच फोनवरून दादा बोलला. म्हणाला, "माझं नाव विम्यात असेलच ना रे? मग तू कशाला घाबरतोस?"

मी हो म्हणालो.