जगबुडीचा प्रसाद

२३ नोव्हेंबर, रविवार
पुन्हा जग बुडणार आहे. या खेपेला मार्गशीर्ष अमावास्येला, म्हणजे एकोणीस डिसेंबरला. गोवा मुक्त झाला तोच दिवस निवडलाय मेल्याने. मोबाईलमधला बाबा कपाळभर टिळा लावून सांगतो, मागे ढोल बडवतात. समुद्र केरीकडून आत शिरणार, डोंगर फाटणार, आणि मध्येच केसांच्या तेलाची जाहिरात. जग संपायला आलं तर केस वाढवून काय करायचं, असं ह्यांना विचारलं. ह्यांनी आवाज वाढवला.

खाण बंद झाल्यापासून हे सोप्यावरच. डिचोलीला खाणीचा ट्रक चालवत तेव्हा घरात टिकत नसत. आता ट्रक परसात, त्यावर तोंडल्याचा वेल चढलाय. आमचं जग खरं तेव्हा बुडलं. त्याची तारीख कुठल्या बाबाने आधी सांगितली नव्हती.

३० नोव्हेंबर, रविवार
दुपारी टीव्हीवर पिक्चर. अमेरिका बुडाली. प्रत्येक पिक्चरात तीच बुडते. पुलाचे तुकडे, गाड्या पाण्यात, एक बाई कुत्र्याला घेऊन पळते. आमचं हळर्ण गाव कुणी बुडवत नाही, जगबुडीतसुद्धा आम्हाला वाटा नाही. हे डोळे फाडून बघत होते आणि भज्यांवर ताव मारत होते. मरणाची भीती वाटणारा माणूस इतकी भजी खात नाही. मजा येते ह्यांना, दुसरं काय.

माहेरी केरीत लहानपणी असंच झालेलं. ग्रह एका ओळीत येणार, सगळं संपणार. आजीने घाबरून ठेवणीतला कोंबडा कापला, मरायचंच तर खाऊन मरू म्हणाली. दुसऱ्या दिवशी जग जागच्या जागी, कोंबडा तेवढा गेला.

२ डिसेंबर, मंगळवार
लेकीला, तनूला नोकरी लागली! पुण्याच्या लॅबमध्ये. मी शाळेत शिकवत होते, वर्ग सोडून व्हरांड्यात आले नि फोनवर रडलेच. शनिवारी, वीस तारखेला हजर व्हायचं. एकोणीसला मोपावरून विमान, तिकीट तिने काढूनसुद्धा टाकलं.

एकोणीसला. हे तेव्हा डोक्यात आलंच नाही.

३ डिसेंबर
हे नाही म्हणाले. अमावास्येला आभाळात पोर धाडायची नाही. मी म्हटलं आदल्या दिवशी जाईल. तर तेही नाही. त्या दिवशी सगळ्यांनी एका छपराखाली असायचं, बाबाने सांगितलंय. तनू ह्यांच्या पाया पडली. ह्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि ढसाढसा रडले. मग तीही रडली. ओरडले असते तर बरं. ओरडणाऱ्या माणसाशी भांडता येतं, रडणाऱ्या बापाला टाकून पोर कशी जाईल?

५ डिसेंबर
शेवटी मीच म्हटलं, देवाला विचारू. प्रसाद लावू. हे लगेच तयार. ह्या घरात प्रसादाशिवाय काही झालेलं नाही. ट्रक घेतला तो प्रसादाने, तनूचं नाव प्रसादाने. गुरव देवाच्या अंगावर दोन बाजूंना पाण्याने पाकळ्या चिकटवतो. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. मग ब्रह्मदेवाने सांगितलं तरी फिरायचं नाही.

इथे लिहिते, कुणाला सांगणार नाही. आमच्या देवळात उजवीच पडते. सून होऊन आले तेव्हापासून बघतेय. गाभाऱ्यात देवाच्या उजव्या अंगाला समई. डावीकडची गळते म्हणून कधीची कोनाड्यात पडलीय. समईच्या उबेने उजवीकडचं पाणी आधी सुकतं, पाकळी सुटते. चौथीच्या पोरांना मी हेच शिकवते, ओला रुमाल चुलीजवळ लवकर का सुकतो ते.

तेव्हा रविवारी विचारायचं, तनूला धाडायची असेल तर उजवी दे. झालं काम. देवा, रागावू नकोस.

७ डिसेंबर, रविवार
मी मूर्ख. मी मूर्ख. मी मूर्ख.

देवापुढचं मागणं, गाऱ्हाणं, यजमान घालतो. बाई मागे उभी राहते. इतक्या वर्षांत मी कधी पुढे उभी राहिले होते? हे माहीत असून डोक्यात आलं नाही. बाबी गुरवाने पाकळ्या लावल्या, ह्यांना म्हणाला, घाल गाऱ्हाणं. हे हात जोडून म्हणाले, "देवा, अमाशेक चेडवान घरात रवाचा असात तर उजवी दी. भायर धाडूचा असात तर डावी दी."

घरात राहायची तर उजवी, धाडायची तर डावी, नेमकं उलटं! मी मागून "अहो" म्हटलं. गुरवाने वळून बघितलं, मी गप्प झाले. गाऱ्हाण्यात कुणी तोंड घालतं का?

उजवी पडली. ह्यांनी साष्टांग घातला. तनूने माझ्याकडे बघितलं नाही. प्रसादाचा विषय मीच काढला होता ना. घरी येताना गाडीत हे मात्र किती दिवसांनी गुणगुणत होते.

८ डिसेंबर
लॅबला फोन केला तनूने. घरी अडचण आहे म्हणाली, काय अडचण ते सांगवेना. जग बुडतंय म्हणून येता येत नाही असं कसं सांगणार. नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यापर्यंत थांबतील. त्यानंतर दुसरी मुलगी घेणार. तिकीट वाया गेलं.

१० डिसेंबर
राहवेना. स्वयंपाकाच्या कुजिनीत तनूला समईचं सांगितलं. वाटलं खूश होईल, म्हणेल चल बाबांना सांगू. ती तांदूळ धूत होती, हात थांबला. म्हणाली, "मगे तुझा लगीन, आई?"

माझं लग्न. ह्यांच्या बाजूने ह्याच देवळात प्रसाद लावला होता. केरीची मुलगी करायची असेल तर उजवी दे. उजवी पडली म्हणून मी इथे आहे. सासूबाई मरेपर्यंत सांगायच्या, तुका देवान हाडल्यान, तुला देवाने आणलं. खाण बंद झाली, हे मुके झाले, मी शाळा आणि घर ओढत राहिले, तेव्हा रोज मनाशी हेच म्हणायचे. देवाने आणलंय, देवच बघेल. समईचं मला तेव्हाही दिसत होतं. हे दोन्ही मी एकत्र कधी ठेवलंच नाही.

आता ह्यांना जाऊन काय सांगू? की तुमचा प्रसाद म्हणजे तेल नि वात? मग ट्रक कुणी दिला, नाव कुणी दिलं, बायको कुणी दिली? माणसाकडे दुसरं काय उरलंय.

नाही सांगितलं.

१४ डिसेंबर
हे कामाला लागलेत. पिंपं भरली, कंदील पुसला, कौलं शेकारली. इतकी वर्षं मी सांगत होते ते छप्पर जगबुडीच्या निमित्ताने नीट झालं. अंगात उत्साह, चेहऱ्यावर तेज. वाईट वाटलं बघून. ह्या माणसाला काम हवं होतं, एवढंच.

१९ डिसेंबर, शुक्रवार
सकाळपासून दारं बंद, जनेलं बंद. शाळेत झेंडावंदन होतं. माझ्या नोकरीत पहिल्यांदा चुकलं. हेडबाईंना ताप आल्याचं कळवलं. अगदीच खोटं वाटू नये म्हणून कपाळाला बाम चोळला, आता कपाळ जळतंय.

पाववाला पोदेर आला, सायकलचा भोंपू वाजवला. ह्यांनी दार किलकिलं करून उंडे घेतले. प्रलय असला तरी उंडे गरम हवेत. पोदेराने विचारलं, घरात कोणी आजारी आहे का. हे म्हणाले, नाही, अमावास्या.

दुपारच्या आधी विमान गेलं. मोपाची विमानं घरावरूनच जातात, रोज ऐकतो, आज जास्त ऐकू आलं. तनू बंद जनेलापाशी उभी होती. आवाज जाईपर्यंत हलली नाही. मग म्हणाली, डाळीला फोडणी देऊ का?

मला ओरडावंसं वाटलं. इतकं वाटलं की परसदारी जाऊन ट्रकला लाथ मारली. पाय सुजलाय.

२० डिसेंबर
जग आहे. कोंबडे आरवले. ह्यांचं तोंड उतरलेलं असेल, ओशाळतील, मग हळूच तनूचं बोलू, असं ठरवून मी चहा घेऊन गेले. तर हसतायत. "बघलंस? देवान राखल्यान. सगळी घरात होतो म्हणान."

बुडलं असतं तर बाबा खरा, नाही बुडलं तर देव खरा. खोटी फक्त मी.

२३ डिसेंबर
बाबाचा नवा व्हिडिओ. संकट टळलेलं नाही, पुढे ढकललंय. आता पौषातली अमावास्या. तोपर्यंत घर सोडू नका. जाहिरात तीच, केसांच्या तेलाची.

तनूने व्हिडिओ पूर्ण बघितला, बापाच्या शेजारी बसून. तिची बॅग अजून भरलेली आहे, पलंगाखाली. त्यातून रोज एकेक कपडा काढून घालते. तेवढी बॅग रिकामी होतेय.

२४ डिसेंबर
ह्यांना म्हटलं, पुन्हा विचारा देवाला. तो प्रसाद अमावास्येपुरता होता, ती झाली. तुम्हीच घाला गाऱ्हाणं, मागच्यासारखंच. बरं म्हणाले. येत्या रविवारी.

२७ डिसेंबर, शनिवार
देवळाची पाळी या आठवड्यात आमच्या घराची. झाडणं, भांडी घासणं, तेल. कोनाड्यातली गळकी समई मी परवाच पेडण्याला नेऊन गळतीला डाग देऊन आणली. आज बाबी गुरवाला म्हटलं, उजवी किती काळी झालीय, घासायला घरी नेते, तोवर ही लाव. तो म्हणाला बरं झालं बाय, कधीची अडगळीत होती. आणि तिच्या जाग्यावर, डावीकडे, लावली. मी काही सांगितलं नाही. तेल घातलं, वात वर काढली, हात जोडले.

उजवी समई आता माझ्या कुजिनीत चिंचेत बुडवून ठेवलीय.

उद्या हे तेच विचारतील. घरात ठेवायची तर उजवी, धाडायची तर डावी. डावी पडली की तनू जाईल. तिला काही सांगितलेलं नाही, पण संध्याकाळी तिने वाळत घातलेले कपडे काढून घड्या केल्या आणि बॅगेत ठेवले.

आणि डावी पडली की मला कळेल, मला इथे कोणी आणलं ते.

उजवी पडली तर? समई डावीकडे असून उजवी पडली तर देव आहे, त्यानेच मला आणलंय, आणि तनूलाही इथेच ठेवायची आहे त्याला.

दुपारपासून चिंचेने समई घासतेय. हात आंबट झालेत. देवा, डावी दे. असं मी कुणापाशी मागतेय ते मलाच कळत नाही, पण डावी दे.